पत्त्यांवरील राक्षसांचें बळ



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मधल्या सुटींत वऱ्हांड्याच्या एका कोपऱ्यांत पांचसात मुलांचें कोंडाळें जमलें होतें. जवळ जाऊन पाहतों तों पांचवींतील एक लहान मुलगा रडकुंडीस आलेला, आणि त्याच्या हातांत एक चकचकीत सोनेरी पत्ता! नववींतील एका मुलानें तो पत्ता त्याला देऊन त्याच्याजवळचे चार पत्ते घेतले होते. सौदा झाला तेव्हां दोघेही राजी होते. कारण सोनेरी पत्त्यावर घावाचा आंकडा ३०० छापलेला होता, आणि लहानग्याच्या चार पत्त्यांपैकीं एकावरही ५० हून मोठा आंकडा नव्हता. परंतु खेळावयास बसल्यावर त्या तीनशें आंकड्याच्या राक्षसाला एकही घाव घालतां येईना, आणि डाव हातचा गेला. "सर, ह्याचा आंकडा तर सर्वांत मोठा आहे, मग मी हरलों कसा?" असें त्यानें मला विचारलें.

प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. पुढें कांहीं दिवस मीं मुलांपाशीं बसून हा खेळ शिकून घेतला, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्या मुलाच्या प्रश्नांत गणिताचा एक चांगला धडा दडलेला आहे. तो धडा येथें मांडीत आहें. जे पालक ‘पोकेमॉन’ हें नांव रोज ऐकतात, पण त्या पत्त्यांवर काय लिहिलेलें असतें हें ज्यांनीं कधीं वाचलें नाहीं, त्यांनींही हा लेख पाहावा अशी विनंती आहे.

खेळ कोठून आला

ह्या जातीच्या खेळांचा आरंभ १९९३ सालीं अमेरिकेंत झाला. रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रचिला. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत दोघां खेळाडूंना एकाच कॅटांतून पत्ते वाटले जातात. ह्या नव्या खेळांत मात्र प्रत्येकानें आपापल्या संग्रहांतून निवडून स्वतःचा कॅट बांधावयाचा असतो. म्हणूनच ह्यांत पत्त्यांची अदलाबदल आली. १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचे पत्ते निघाले, आणि १९९९ सालीं तेथेंच कोनामी कंपनीनें ‘युगिओ’चे पत्ते काढिले. दोन्हीं खेळांत पत्त्यांवरील प्राणी अथवा राक्षस एकमेकांशीं झुंजतात, आणि प्रत्येकाच्या पत्त्यावर त्याच्या बळाचा आंकडा छापलेला असतो.

हा आंकडाच मुलांना भुलवितो. परंतु आंकडा म्हणजे बळ नव्हे. आपल्या नंदुरबारच्या बाजारांत मिरच्यांचे ढीग पाहणारास हें सांगावयास नको कीं, मिरचीचा तिखटपणा तिच्या लांबीवरून ठरत नाहीं.

गंजिफ्याची साक्ष

पत्त्यावरील आंकडा निराळा आणि त्याचें बळ निराळें, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकास, दक्षिण कोंकणांत, सावंतवाडी म्हणून गांव आहे. तेथें हातानें रंगविलेले, लाखेचा लेप दिलेले वाटोळे पत्ते बनतात. त्यांस गंजिफा म्हणतात. हा खेळ मोगलांच्या काळीं आपल्या देशांत रूढ झाला. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें येथील कारागिरांनीं त्यास दशावताराचें रूप दिलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला लोपत चालली असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं तिला पुन्हा ऊर्जितावस्था आणिली.

दशावतारी गंजिफ्यांत पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, आणि दर रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, असे बारा पत्ते. राजा व प्रधान सर्व रंगांत श्रेष्ठ. त्यांच्या खालीं मात्र गंमत आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत धाकटा. उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत धाकटी! आंकडा तोच, पण रंग पालटला कीं बळ पालटलें. गंजिफा खेळणाऱ्या आपल्या पूर्वजांना नुसता आंकडा वाचून भागत नसे. तो कोणत्या रंगांतला आहे हें आधीं पाहावें लागे. जपानी राक्षसांच्या खेळांत हाच विचार आणखी पुढें नेला आहे.

पहिला प्रश्न: समोर कोण आहे?

आतां पोकेमॉनकडे वळूं. खेळाची रूपरेषा अशी. प्रत्येकाचा कॅट ६० पत्त्यांचा असतो. मूळ एनर्जीचे पत्ते सोडून एकाच नांवाचे चारांहून अधिक पत्ते त्यांत घेतां येत नाहींत. प्रत्येक खेळाडू आपले सहा पत्ते बक्षिसाचे म्हणून पालथे ठेवितो. प्रतिपक्षाचा प्राणी पाडला कीं त्यांतील एक पत्ता उचलावयाचा. कांहीं बलाढ्य प्राणी पाडल्यास दोन किंवा तीनही उचलतां येतात. सहाही बक्षिसें ज्यानें आधीं उचललीं तो जिंकला. प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर ‘एच.पी.’ म्हणून एक आंकडा असतो. तितके घाव सोसले कीं तो प्राणी पडला. घाव घालण्यास एनर्जीचे पत्ते लागतात, आणि हातांतून एका पाळीस एकच एनर्जी जोडतां येते.

उदाहरणासाठीं इंग्रजींत १९९९ सालीं निघालेल्या पहिल्या संचांतील पत्ते घेऊं. चारिझार्ड हा अग्नीचा प्राणी, त्याचा एच.पी. १२० आणि घाव १००. ब्लास्टॉइज हा पाण्याचा प्राणी, त्याचा एच.पी. १०० आणि घाव अवघा ४०. कोणता पत्ता घ्याल? शंभरांतील नव्याण्णव मुलें चारिझार्डकडे बोट दाखवितील.

परंतु चारिझार्डच्या पत्त्याच्या तळाशीं बारीक अक्षरांत त्याची दुर्बलता, म्हणजे मुलांच्या भाषेंत ‘वीकनेस’, लिहिलेली आहे: पाणी. म्हणजे पाण्याच्या प्राण्यानें मारलेला घाव चारिझार्डला दुप्पट लागतो. शिवाय ब्लास्टॉइजच्या घावाची एक अट आहे. घावासाठीं लागणाऱ्या तीन एनर्जींहून पाण्याची एनर्जी अधिक असेल तर दर अधिक एनर्जीमागें १० वाढतात. मात्र २० हून अधिक वाढत नाहींत. आतां गणित करा. पांच एनर्जी लावलेल्या ब्लास्टॉइजचा घाव ४० अधिक २०, म्हणजे ६०. त्याची दुप्पट १२०. आणि चारिझार्डचा एच.पी. किती? बरोबर १२०! चाळीस आंकड्याच्या पत्त्यानें शंभर आंकड्याचा पत्ता एका घावांत पाडला.

उलट बाजूही पाहा. चारिझार्डचा १०० चा घाव ब्लास्टॉइजच्या १०० एच.पी.ला नेमका पुरतो. तेव्हां दोघेही एकमेकांस एका घावांत पाडूं शकतात, आणि आधीं सज्ज होईल तो जिंकेल. येथें ब्लास्टॉइजच्या अंगीं आणखी एक गुण आहे. तो मैदानांत असतां त्याचा धनी पाण्याच्या प्राण्यांस एकाच पाळींत हव्या तितक्या पाण्याच्या एनर्जी जोडूं शकतो. हातांत एनर्जी असल्या तर तो एका पाळींत सज्ज होतो. चारिझार्डला मात्र एकेक करून जमवाव्या लागतात.

दुर्बलतेची उलट बाजू म्हणजे प्रतिकार. हिटमॉन्चॅन हा मुष्टियोद्धा प्राणी. त्याचा मोठा घाव ४० चा. चारिझार्डच्या पत्त्यावर मुष्टियोद्ध्यांविरुद्ध ३० चा प्रतिकार छापला आहे. म्हणून हिटमॉन्चॅनचे ४० चारिझार्डपुढें १० होतात, आणि त्याचा २० चा लहान घाव तर शून्य होतो. दुर्बलता व प्रतिकार दोन्हीं लागू असतील तर आधीं दुप्पट करावी, मग वजाबाकी करावी. हा क्रम उलटला कीं उत्तर चुकतें, हें तुमच्या गणिताच्या वहींत तुम्हीं पुष्कळदां पाहिलेंच आहे.

दुसरा प्रश्न: खर्च किती?

ह्यावरून हिटमॉन्चॅन निरुपयोगी आहे असें समजूं नका. प्रतिकार नसलेल्या शत्रूपुढें चारिझार्ड आणि हिटमॉन्चॅन यांची तुलना करून पाहूं. चारिझार्डच्या १०० च्या घावास चार एनर्जी लागतात, आणि दर घावामागें दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात. शिवाय तो एकदम खेळतां येत नाहीं. आधीं चारमॅंडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हिटमॉन्चॅनला पायऱ्या नाहींत. त्याचा २० चा घाव एका एनर्जींत होतो व ४० चा तीन एनर्जींत, आणि टाकावयाचें कांहींच नाहीं.

आजच्या नियमाप्रमाणें डाव सुरू करणारास पहिल्या पाळीस घाव घालतां येत नाहीं. म्हणून दुसऱ्यानें खेळणाराचा हिशेब घेऊं. दर पाळीस एक एनर्जी मिळाली असें धरूं.

तीन पाळ्यांअखेर: हिटमॉन्चॅन २० + २० + ४० = ८०; चारिझार्ड शून्य.

सहा पाळ्यांअखेर: हिटमॉन्चॅन २००, चारिझार्ड चौथ्या व सहाव्या पाळीस १००, म्हणजे २००.

आठ पाळ्यांअखेर: हिटमॉन्चॅन २८०; चारिझार्ड ३००.

शंभराचा घाव चाळिसाच्या घावापुढें जातो तो आठव्या पाळीस, आणि तोही अवघ्या वीसांनीं! तोंपर्यंत डाव बहुधा निकालांत निघालेला असतो. म्हणूनच त्या पहिल्या संचाच्या काळीं स्पर्धांत उतरणारे कसलेले खेळाडू हिटमॉन्चॅनला मोठा मान देत. संग्रह करणारांत मात्र चारिझार्डचा भाव चढता राहिला. बाजारांतील किंमत आणि मैदानांतील बळ हीं दोन निराळीं आहेत, हें येथें स्पष्ट दिसतें.

तिसरा प्रश्न: दैवाचा वांटा किती?

कांहीं घाव नाण्यावर अवलंबून असतात. बीड्रिल नांवाच्या प्राण्याचा एक घाव असा आहे: दोन नाणीं उडवावीं, आणि जितके छापे पडतील तितके तीस. मुलें म्हणतात, "ह्याचा घाव साठाचा." पण साठ केव्हां मिळतात? दोन नाण्यांचे चार प्रकार संभवतात: छापा-छापा, छापा-कांटा, कांटा-छापा, कांटा-कांटा. चारांपैकीं एकदां ६०, दोनदां ३०, आणि एकदां शून्य. चारांची बेरीज १२०. तिला चारांनीं भागिलें तर सरासरी ३०. म्हणजे शत्रूचे ५० एच.पी. उरले असतां ह्या घावावर विसंबणारा चारांपैकीं तीनदां फसेल. आणि २० च उरले असतील तर चारांपैकीं तीनदां साधेल. एकच घाव एका वेळीं वेडें साहस आणि दुसऱ्या वेळीं शहाणपण ठरतो.

चौथा प्रश्न: पवित्रा कोणता?

युगिओच्या पत्त्यावर दोन आंकडे असतात. एक हल्ल्याचा व एक बचावाचा. पत्ता उभा ठेविला तर राक्षस हल्ल्याच्या पवित्र्यांत, आडवा ठेविला तर बचावाच्या. दोघे उभे असतां लहान हल्ल्याचा राक्षस नष्ट होतो, आणि दोन आंकड्यांतील फरक त्याच्या धन्याच्या ८००० आयुष्यगुणांतून वजा होतो. समोरचा आडवा असेल तर आपला हल्ला त्याच्या बचावाशीं ताडून पाहावयाचा; हल्ला उणा पडला तर फरक आपल्यालाच भरावा लागतो.

‘ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन’ ह्या प्रसिद्ध राक्षसाचा हल्ला ३००० व बचाव २५००. ‘डार्क मॅजिशियन’चा हल्ला २५००. ड्रॅगन उभा असतां मॅजिशियननें त्याजवर चाल केली तर मॅजिशियन नष्ट होतो आणि धन्याचे ५०० गुण जातात. ड्रॅगन आडवा असतां तीच चाल केली तर बरोबरी होते, आणि दोघेही जिवंत राहतात. शिवाय ड्रॅगनला हातांतून मैदानांत उतरविण्यासाठीं सामान्य रीतीनें आपलेच दोन राक्षस बळी द्यावे लागतात. तीन हजारांच्या आंकड्यामागें हा खर्च दडलेला आहे.

सौदा करण्यापूर्वीं

आतां त्या सोनेरी पत्त्याकडे वळूं. मीं तो हातांत घेऊन पाहिला. त्याचा ३०० चा घाव चार एनर्जींचा होता, आणि तो पत्ता दुसऱ्या एका प्राण्यावरूनच खेळतां येण्याजोगा होता. तो दुसरा प्राणी त्या मुलाजवळ नव्हताच. म्हणजे त्याच्या कॅटांत त्या पत्त्याचें बळ तीनशें नव्हे, शून्य होतें! जे चार पत्ते त्यानें दिले ते लहान होते, पण पहिल्या पाळीपासून लढणारे होते.

तेव्हां बाळांनो, अदलाबदल करतांना पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यांतील मोठा आंकडा वाचून थांबूं नका. हा कोणासमोर लढेल, ह्यास खर्च किती, दैवावर किती अवलंबून, आणि हा आपल्या कॅटांत बसतो कीं नाहीं, एवढें विचारा. वडील विद्यार्थ्यांना एक सांगणें आहे. जें आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्या लहान मुलाला ठाऊक नाहीं, तें त्याला आधीं सांगावें आणि मग सौदा करावा. जाणत्यानें अजाणत्याशीं गप्प राहून केलेला सौदा दोघांच्या संमतीचा असला तरी सरळ नव्हे.

पालकांस दोन शब्द. कोपऱ्यावरील दुकानांत दोरीला लटकणारे स्वस्त सोनेरी पत्ते बहुधा नकली असतात. त्यांवरील आंकडे छापणाराच्या मर्जीचे, आणि खेळाच्या नियमांशीं त्यांचा मेळ बसेलच असें नाहीं. पाकीट खरें असलें तरी आंत कोणता पत्ता आहे हें फोडल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून दुर्मिळ पत्त्याच्या आशेनें पाकिटामागून पाकीट घेणें हें सोडतीच्या तिकिटासारखेंच आहे. त्यास मर्यादा घालणें योग्यच. परंतु पत्ते दिसतांच ते फाडून टाकण्यापूर्वीं एकदां मुलाला समोर बसवून म्हणावें, "हा पत्ता जिंकतो कसा, तें मला समजावून सांग." ज्याला तें सांगतां येईल तो गुणाकार, सरासरी आणि दूरदृष्टि शिकत आहे. ज्याला सांगतां येणार नाहीं तो नुसता आंकड्यांना भुलला आहे, आणि त्याला तुमच्या मदतीची गरज आहे.

त्या सौद्याचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. हें सारें गणित फळ्यावर मांडल्यावर दुसऱ्या दिवशीं नववींतील मुलानें आपण होऊन तीन पत्ते परत आणून दिले. चौथा त्याच्या हातून आधींच दुसरीकडे गेला होता. त्याच्या बदलीं त्यानें आपला एक दिला. सोनेरी पत्ता लहानग्यानें परत केला नाहीं, आणि मोठ्यानें मागितलाही नाहीं. तो आतां त्याच्या गणिताच्या वहींत खूण म्हणून असतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ब्लास्टॉइजचा एच.पी. १०० असून विजेपुढें तो दुर्बल आहे. पिकाचू हा विजेचा प्राणी, त्याचा एच.पी. ४० व दोन एनर्जींचा घाव ३० चा. किती घावांत ब्लास्टॉइज पडेल? तितका अवकाश पिकाचूला मिळेल काय?

२. युगिओंतील एका राक्षसाचा हल्ला १३०० व बचाव २००० आहे. त्याजवर १८०० हल्ल्याचा राक्षस चालून आला. पहिला राक्षस उभा असतां काय होईल? आडवा असतां काय होईल?

३. तीन नाणीं उडवून दर छाप्यामागें २० चा घाव बसतो. सरासरी घाव किती? घाव मुळींच न बसण्याचा संभव किती?

उत्तरें. (१) घाव दुप्पट होऊन ६०, म्हणून दोन घाव पुरेत. परंतु तीन एनर्जी लावलेला ब्लास्टॉइज ४० चा घाव घालून पिकाचूला एकाच घावांत पाडतो. त्याला तीन एनर्जी मिळण्यापूर्वींच पिकाचूनें काम उरकलें पाहिजे. (२) उभा असतां तो नष्ट होऊन त्याच्या धन्याचे ५०० गुण जातील. आडवा असतां तो वांचेल, आणि चाल करणाराचे २०० गुण जातील. (३) सरासरी ३०, आठांपैकीं एक.